वाचनालयामागचं झाड

वाचनालयामागच्या हिरवळीवर परदेशातून शिकायला आलेली मुलं दिवसभर पडून असत. वसतिगृहाच्या खोल्या काडेपेटीएवढ्या, एकेका खोलीत तिघं. त्यामुळे अभ्यास, डबा, डुलकी, एकमेकांचे केस कापणं, सगळं गवतावरच. माळीकाका कुरकुरत, पण पाण्याचे फवारे मात्र मुलांच्या वेळा बघूनच सोडत.

त्यांच्यातली एक मुलगी रोज दुपारी एका जुन्या झाडाच्या बुंध्याला टेकून आईला फोन करायची. काका तिला चिमणी म्हणत.

एका दुपारी वारा नावालाही नव्हता, तरी मांडीएवढी जाड फांदी तिच्यापासून चार पावलांवर येऊन पडली. काकांनी खुरप्याच्या मुठीनं बुंधा ठोकून पाहिला. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. मुळाशी भूछत्रं माजली होती.

त्यांनी तडक कार्यालय गाठलं. "परीक्षा होऊ द्या, मग बघू," साहेब म्हणाले. काकांनी आपणच झाडाभोवती दोरी बांधली. पाहुणे येणार म्हणून साहेबांनी ती सोडायला लावली.

"पोरी, इथं नको बसूस. झाड पोकळ आहे," काका म्हणाले.

चिमणीला इथली भाषा जेमतेम यायची. "खोलीत दोघी झोपतात, काका. इथं मी मोठ्यानं बोलते. इथं रडते पण."

 दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खड्ड्यातलं अर्धकच्चं, आंबलेलं खत गाडाभर आणून झाडाभोवती पसरलं. मुलं नाकं दाबून पांगली. तक्रार झाली. साहेबांनी काकांना बोलावून चांगलंच फैलावर घेतलं.

"आज संध्याकाळच्या आत उचला, नाहीतर घरी बसा."

बाहेर चिमणी भेटली, ती मान फिरवून निघून गेली. काकांना ते साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुपारी ते फावडं घेऊन निघाले, तोच पायाखालची जमीन हादरली. झाड मधोमध मोडून पडलं होतं, नेमकं तिच्या बसण्याच्या जागेवर.

चिमणी लांब भिंतीपाशी उभी होती, फोन कानाला. पलीकडून आई काहीतरी एकसारखं विचारत होती आणि मुलगी नुसती पडलेल्या झाडाकडे बघत होती. काकांनी फोन घेतला. त्यांना ती भाषा येत नव्हती, तरी म्हणाले, "आहे हो ताई. पोरगी धडधाकट आहे."



त्या रांगेत अजून सहा झाडं होती, सगळी पडलेल्या झाडासोबत एकाच वर्षी लावलेली. सावली आता तेवढीच उरली होती, आणि मुलं चटया काखेत मारून तिकडे निघालीसुद्धा होती.