बरा झालेला माणूस

बटण पुन्हा उचललं गेलं — फ्रॉकच्या उजव्या खांद्यावरचं, पांढरं, काळ्या दोऱ्यानं टाचलेलं — आणि खाली बसलं. चहाची बशी ओठांशी नेता नेता तेजरामला कळलं की ते आता पुन्हा उचलणार, कारण फुलवंताच्या हनुवटीखालची बारीक शीर ताठ झाली होती. ती सुपातल्या लाखोळीच्या डाळीतले खडे वेचत होती. तिचं लक्ष खड्यांत होतं, आणि खांदा मात्र कुणीतरी मागून दोरी ओढावी तसा वर जात होता. एकदा… पुन्हा एकदा… मग घशातून पिल्लासारखा एक आवाज. पोरीला कळायच्या आधी ते बापाला कळायचं.

"पाहून राहिलास ना?" चुलीपाशी बसलेली त्याची आई, धुरपता, म्हणाली. "दुपारी डाग द्याले खुशाल येते. आज रविवार आहे. तू घरीच राह्य, पोरीले धरा लागल."

त्यानं बशी खाली ठेवली. मानेत ते आलंच होतं, सकाळपासून आलेलं होतं. शिंक यावी आणि ती नाकात नव्हे, मानेत, खांद्यात, जिभेच्या मुळाशी दाबून धरावी, आणि तसंच धरून माणसांशी बोलावं, बियाण्याचा भाव विचारावा, हसावं… "बोडीकडे जाऊन येतो," तो म्हणाला आणि दुपट्टा मानेभोवती घेऊन उठला.

धान कापून झालं होतं. बांध्यांतून नुसती खुंटं उरली होती आणि धुऱ्यांवरून जाणारा माणूस लांबून दिसायचा, म्हणून तो बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पाळीमागे उतरेपर्यंत थांबला. तिथे मात्र त्यानं सोडलं. मान डावीकडे हिसकली, पुन्हा हिसकली, घशातून हुक्… हुक्… पाण्यातला एक बगळा उडाला. सगळं बाहेर पडल्यावर तो ओल्या मातीवर बसून राहिला, दमलेला, ओझं वाहून आणल्यासारखा.

लहानपणी त्याला हुक्या म्हणत. शाळेत मास्तर मुद्दाम उभं करायचे आणि पोरं वाट पाहायची. मग खुशालच्या बापाला आंधळगावाहून बोलावलं. गुरांना डागणारा माणूस, हात हलका, सगळे म्हणायचे. चौघांनी धरलं. तापलेल्या विळ्याचं टोक कानामागे टेकलं तेव्हाचा वास त्याला अजूनही कधी कधी, जेवताना मधेच, यायचा… त्यानंतर तो हुकला नाही. लोकांसमोर नाही. पुन्हा तो विळा नको, एवढ्या एका भीतीवर त्यानं धरायला शिकून घेतलं, आधी घटकाभर, मग शाळा सुटेपर्यंत, मग मांडवात अंतरपाटापुढे. गावात कुणाचं पोर डोळे मिचकावू लागलं, मान उडवू लागलं की धुरपता बाजारात बैलाचे दात दाखवावेत तसं त्याला दाखवायची. "माह्या तेजरामलेही असंच होतं. डाग देला, अन् पाह्य आता." किती पोरं त्याच्याकडे पाहून डागली गेली असतील? तो गप्प उभा राहायचा. बरा झालेला माणूस गप्पच उभा राहतो. मी बरा झालो नाही, मी लपलो… हे शब्द त्याच्या डोक्यात स्पष्ट होते, पण जिभेपर्यंत कधी आले नव्हते.

पाळीवरून पावलं वाजली. ललिता, त्याची बायको. ती वरच थांबली.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "तुमाले डाग देला होता… त्यानंच गेलं का?"

तिनं काय ऐकलं होतं? बगळा उडालेला पाहिला होता का? तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं हे कधी विचारलं नव्हतं, आणि आता नाही म्हटलं तर पुढचं सगळंच सांगावं लागणार होतं.

"हो," तो म्हणाला.

"मंग देऊ द्या," ती म्हणाली. "उद्या तिले कोण करून घेईल?" आणि वळून गेली.

तो तिच्यामागे धावला नाही. आणि समजा खरंच त्या डागानं फायदा झाला असला तर? विळा नसता तर धरायला शिकलो असतो का? हुक्याला कुणी मुलगी दिली असती का?… विचार असे दोन्हीकडून यायचे आणि मधे मान आवळत जायची.

खुशाल आला तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं फुलवंतासाठी गुळाचा खडा आणला होता. विळा निखाऱ्यांत सरकवून त्यानं तेजरामला खूण केली. "तू हात धर. मी टेकवतो न काढतो. बाकी काही नाही."

तेजरामनं तिची मनगटं धरली. बारीक, गरम. पोर रडत नव्हती. तिनं डोळे विस्फारून बापाकडे पाहिलं आणि पुटपुटली, "मी नाही हलवत, बाबा… पाहा, नाही हलवत."

आणि खरंच ती हलत नव्हती. शीर ताठ झाली, खांदा उठायला आला, आणि तिनं तो धरला. ओठ पांढरे झाले, बोटं आखडली, सगळं अंग त्या एका जागी जाऊन उभं राहिलं. तेजरामच्या तळहातांना ते ओळखीचं वाटलं. ती शिकली होती. डाग लागायच्या आधीच शिकली होती…

त्याची मान हिसकली. त्यानं ती थांबवली नाही. पुन्हा हिसकली, आणि घरात, आईसमोर, घशातून तो आवाज आला.

खुशालचा हात विळ्यासकट थबकला.

"मी बरा नाही झालो, माय," तेजराम म्हणाला. "कधीच नाही. रोज पाळीमांगं जाऊन…"

"खोटं बोलून राहिला," धुरपता खुशालला म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता आणि ती मुलाकडे पाहत नव्हती. "पोरीची दया येऊन राहिली त्याले. तू दे डाग."

"इळा थंडा होऊन राहिला," खुशाल म्हणाला. "काय कराचं ते सांगा."

ललिता दारात आली होती. ती तेजरामकडेच पाहत होती, पण राग होता की दुसरं काही, हे त्याला वाचता येईना. उद्या हे गावभर होणार, जुनं नाव परत येणार, त्याला भीती वाटत होती, तोंड लपवावंसं वाटत होतं… तरी मान हलकी होती, दुसऱ्याच कुणाची असावी इतकी. हातातली मनगटं सैल पडली आणि पोरीचा खांदा एकदाचा उडाला. मग त्याच्या मानेत पुढची लहर चढू लागली, कानामागून, हळूहळू. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आवळायला निघालेले स्नायू त्यानं तसेच राहू दिले.