ओला रंग, हात लावू नये

मी एक तसबीर बोलतेय, मटार सोलणाऱ्या बाईची. साठ वर्षं झाली, सोलतेच आहे; वाटी काही भरत नाही.

मला घडवणारा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाट्यांच्या उरल्यासुरल्या रंगांत त्याने आपल्या बायकोला माझ्यात उतरवलं. "अहो, नाक जरा लहान काढा की!" ती म्हणाली. "आहे तेवढंच काढलंय," तो म्हणाला. झालं, दोन दिवस अबोला! त्यांची चिमुरडी मात्र शाळेतून आली की आधी मला 'आई' म्हणायची, मग आईला. फार लाड झाले हो माझे.

मग लढाई आली. सैनिक घरं लुटत सुटले होते. आमच्या माणसांना नेसत्या कपड्यांनिशी पळावं लागलं आणि मी काही गाठोड्यात मावेना. त्याने मला भिंतीकडे तोंड करून टांगलं आणि माझ्या पाठीवर वळणदार अक्षरांत लिहिलं, 'ओला रंग. हात लावू नये.' भाबडा माणूस! पाट्या रंगवण्यात जन्म गेला, पण असं लिहिलं की माणसाचं बोट आधी तिथंच जातं, हे त्याला कळलं नाही. लुटायला आलेल्या सैनिकांच्या साहेबानेही बोट लावलं. रंग कोरडा ठणठणीत. त्याने मला उलटवलं आणि उचललं.

साहेब कलेचा जाणकार होता म्हणे. त्याने माझ्या पाठीला जाड कापड चिकटवलं, अक्षरं त्याखाली गेली. पुढे मी बऱ्याच घरांतून फिरले, सोनेरी चौकटीत बसले. लेकीच्या आठवणीने मात्र जीव तुटायचा. आता संग्रहालयात असते.

परवा एक पिकल्या केसांची बाई माझ्यासमोर थबकली. नाकावरूनच ओळखलं मी.

"ही माझी आई आहे," तिने तिथल्या अधिकाऱ्याला सांगितलं.

"पण बाई, चित्रावर सही नाही."

"पाट्या रंगवणारा कधी सही करतो का? मागे बघा, बाबांचं अक्षर आहे."

अधिकारी मनाने वाईट नव्हता. "अक्षर दिसलं तर चित्र तुमचंच, घरी न्या. पण त्यासाठी मागचं कापड सोलावं लागेल. रंग निघाला तर चेहराच जायचा. तुम्ही सांगा, काय करू?"

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "सुखरूप आहे ना? राहू दे इथंच." डोळे पुसत ती निघून गेली.

वाचकहो, ती तुम्हाला कुठे भेटली तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, वेडे, सोलू दे ते कापड. चेहरा गेला तर गेला. मला घरी यायचंय गं.