पलीकडल्या काठावरचा पंचनामा

मोरखोल बंदरातल्या चौकीत एकच हवालदार होता, आणि तो माणूस वाईट नव्हता. त्याने येसूबाईला ओटीवर बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि जुनी बुकं स्वतः झटकून समोर आणली. त्याने पानं उलटली, परत पहिल्यापासून उलटली आणि मान हलवली.

"बाई, बावीस सालचा कार्तिक सगळा पाहिला. पुढचा मार्गशीर्षही पाहिला. बुडालेला माणूस इथं काठाला लागल्याची नोंदच नाही. त्या सालीच काय, पुढेही नाही. देवीची कृपा आहे या बंदरावर."

सखाराम, तिचा धाकटा दीर, पायरीवर उभा होता. तो हळूच म्हणाला, "वयनी, झालं ना समाधान? दादा हरवला तेव्हा आपले दादूकाका चौकशीला येऊन हेच ऐकून गेले होते. चला आता."

येसूबाई उठली नाही.

बावीस सालच्या कार्तिकात वादळ झालं तेव्हा तिचा नवरा हरिश्चंद्र मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. मचवा मालवणहून नारळ भरून मुंबईला निघाला होता. तो पोचला नाही. दोनेक आठवड्यांनी मचव्याच्या नाळेची, पुढल्या टोकाची, कोरलेली फळी इथं, मोरखोलला, वाळूत सापडली. माणसांपैकी कोणी सापडलं नाही. तेव्हापासून येसूबाई गुहागरला सासरच्या घरात राहत होती. रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती तोंडात घास घेत नसे, आणि कपाळाचं कुंकू तिने एक दिवस चुकवलं नव्हतं. दर्यात हरवलेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. बारा वर्षे गेल्या कार्तिकात भरली. सखाराम मुंबईला गोदीत कामाला. शिमग्याला घरी आला तेव्हा त्याने भटजींना विचारून येती अवस पक्की करून टाकली. अवस झाली की त्याची रजा संपत होती.

"पुसायचं ते मी माझ्या हाताने पुसेन, भावजी," तेव्हा येसूबाई म्हणाली होती. "पण त्यांचा दिवस कळल्यावर. तुमच्या रजेच्या दिवशी नाही. तिथी चुकली तर श्राद्धाचं पान ठेवायचं कुणाला? ते कुठल्या दारी उभे राहतील?"

"तिथी कोण सांगणार? दर्या?"

"कुणी तरी लिहून ठेवली असेल."

म्हणून ती इथवर आली होती. गावात कुणी म्हणालं, बाईला नवरा जिवंत असल्याची आशा आहे. तसं नव्हतं. आशा पहिल्या दोन-तीन वर्षांतच विझली होती. ज्या कागदाने कुंकू जाणार, तोच कागद शोधायला ती निघाली होती. हे कुणाला समजावून सांगण्याच्या भानगडीत ती पडली नाही.

ओटीवर बसल्या बसल्या तिची नजर इकडेतिकडे फिरत होती. हवालदाराचा बाक म्हणजे कुठल्याशा गलबताची फळी होती. वईच्या, कुंपणाच्या, खांबांना भोकं होती, डांबराचे डाग होते. शेजारच्या घरासमोर एक आख्खं सुकाणू आडवं टाकून त्यावर बायका मासळी निवडत होत्या. या गावाने लाकूड म्हणून कधी विकत घेतलं नसावं. वारा नैऋत्येचा असो की खाडीला ओढ असो, बाहेरून येणारं सगळं याच काठाला लागत होतं.

"हवालदारसाहेब, हे सुकाणू कुठलं?"

"वाहून आलं. इथं काय, रोज काहीतरी येतं."

"सुकाणू येतं, फळी येते," येसूबाई हळू आवाजात म्हणाली, "आणि माणूस तेवढा येत नाही."

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं. मग बुकांकडे पाहिलं. "मी इथं येऊन दोन वर्षंच झाली, बाई," एवढंच तो म्हणाला.

त्यांचा मुक्काम मथुरेच्या पडवीत होता. मथुरा कोळीण, अंगाने दणकट, तोंडाने त्याहून. ती चटयांवर वाळत घातलेले खारे बांगडे उलटत होती. येसूबाईची एकादशी होती, तरी पदर खोचून ती मदतीला बसली.

"अगो बाय, एकादशीला बांगड्याला हात लावतंस? तुजा देव रागवंल."

"खाणार नाही, उलटणार आहे. देवाला फरक कळतो."

मथुरा हसली. येसूबाईने बरीच रांग उलटून झाल्यावर विचारलं, "मथुराबाय, प्रेत लागलं तर तुम्ही काय करता?"

"नाय लागत."

"आणि लागलं तर?"

"तुला सांगतंय ना, नाय लागत. आमची देवी राखणीला हाय."

"माझा सासरा तांडेल, नवरा तांडेल. भरतीचं पाणी काय कुठं टाकतं ते मलाही थोडं कळतं." येसूबाईने बांगडा उचलला, नीट उलटा ठेवला. "प्रेत ज्या गावच्या हद्दीत, त्या गावाने राखण करायची. तालुक्याहून फौजदार येईस्तोवर कुणी होडी काढायची नाही. मग ज्यांनी पाहिलं त्यांना साक्षीला फेऱ्या. ऐन मासळीच्या दिवसांत. होय ना?"

मथुरेचे हात थांबले.

"खाडीच्या पलीकडल्या काठाला ठाणं धक्क्यावरच आहे," येसूबाई पुढे म्हणाली. "तिथं फौजदार बसलेलाच असतो. सकाळी लागलेलं दुपारपर्यंत निपटतं. माझ्या गावाला असं असतं, तर आमच्या माणसांनीही होडीत घालून पलीकडे नेलं असतं. मी दोष देत नाही."

"तुला पोलिसात घेतलं पायजे," मथुरा म्हणाली. पण आवाज पडला होता. तिने घराच्या दाराकडे पाहिलं, मग खाडीकडे. "माजा सासरा गेला, नायतर त्याला इचारलं असतं. तो नेऊन नुसता टाकून नाय यायचा गो. संगट थांबायचा. घरी आला की आंघोळ, त्या दिवशी चूल नाय."

"तुमच्या गावाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

"नक्की?"

"तुळशीची शपथ घेते."

मथुरेने चटई झटकली. "पलीकडं इचार. दुसरा तालुका. तिकडचं दप्तर येगळं. आनि उद्या तरीच्या पयल्या होडीने जा, दुपारी वारा पडतोय."

पलीकडे दप्तराचा कारकून काशीराम म्हणून होता. नाकावर चष्मा, कानावर टाक. त्याने सखारामाचं बोलणं अर्ध्यात तोडलं.

"गुहागर या तालुक्यात नाही. तिकडल्या ठाण्याचं पत्र आणा."

"तिकडे नोंद नाही म्हणाले."

"मग इकडे कशी असेल? आणि हे बघा, बेवारस प्रेतांच्या कागदांचे जुने रुमाल बांधून माळ्यावर टाकलेत. कोण काढणार? साहेब दौऱ्यावर आहेत."

"मी बसते," येसूबाई म्हणाली.

ती पायरीच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण होणार नाही अशी बसली आणि माळ काढली. काशीराम जेवायला गेला, पान खाऊन परत आला, ती तिथेच. सखारामाने चणे आणले. तिचं आज तुळशीला पाणी घालणं झालं नव्हतं, म्हणून तिने ते तसेच पदरात बांधून ठेवले. संध्याकाळी दार बंद करताना काशीराम पुटपुटला, "बाई, हा काय सत्याग्रह समजायचा?"

"नाही हो. मला दुसरीकडे जायला जागा नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी दार उघडायला तो आला तेव्हा ती पायरीवर होती. धक्क्यावरच्या देवळात रात्र काढून, तिथल्या तुळशीला पाणी घालून आली होती. काशीराम तिला ओलांडून आत गेला. बराच वेळ आत कागदांचा आवाज येत राहिला. मग तो दाराशी आला.

"सगळे रुमाल मी काढणार नाही. महिना सांगा. आणि काही खूण सांगा, नाहीतर बेवारस माणूस कुणाचाही होतो."

"बावीस सालचा कार्तिक. अंगात मांजरपाटाची बंडी. पाठीला उजवीकडे ठिगळ. माझ्या लुगड्याच्या हिरव्या काठाचं. पांढरा दोरा संपला होता म्हणून लाल दोऱ्याने शिवलं. ते म्हणाले, खलाशी हसतील. मी म्हटलं, पाठ कोण बघतंय."

काशीरामने शिडी लावली. माळ्यावरून धूळ आणि वाळवीचा भुगा खाली आला. त्याने उतरवलेल्या लाल फडक्याच्या दोन रुमालांपैकी पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्याचे कागद कडेने खाल्लेले होते. सखाराम आता आत येऊन उभा राहिला होता. कारकुनाचं बोट मोडी ओळींवरून सरकत होतं. ते एके ठिकाणी थांबलं, मागे आलं, परत त्याच ओळीवरून गेलं.

मग त्याने वाचलं, सरकारी एका सुरात. "पुरुष, वय अंदाजे तीस. तोंड ओळखू येत नाही. अंगात मांजरपाटाची बंडी, पाठीवर उजवे बाजूस लुगड्याचे हिरवे काठाचे ठिगळ, तांबड्या दोऱ्याने शिवलेले..." पुढचे शब्द त्याने हळू वाचले. "मिती कार्तिक वद्य नवमी. पंचांसमक्ष दहन केले."

सखाराम जमिनीवर बसला आणि रडू लागला. थोरला भाऊ बुडाला तेव्हा तो मुंबईत होता, आणि येसूबाईने त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"अग्नी कुणी दिला, लिहिलंय?"

"लिहिलंय. पंच भागोजी वल्द शिवा, राहणार मोरखोल. वारस नसल्याने याने आपण होऊन अग्नी दिला." काशीरामने चष्मा वर सरकवला. "पण तिकडचा माणूस इकडे पंच कसा?"

सखारामाने वर पाहिलं. भागोजी हे मथुरेच्या सासऱ्याचं नाव. परवा पडवीत त्याच्या जाळ्याच्या गप्पा निघाल्या होत्या. तो बोलणार, तोच येसूबाईचा हात त्याच्या खांद्यावर किंचित दाबला गेला.

"असेल कामाला आलेला," ती म्हणाली. "भला माणूस होता. मला याची नक्कल हवी."

"अर्ज करावा लागेल." काशीरामने कोरा कागद ओढला, टाक दौतीत बुडवला. कालचा तोरा आता राहिला नव्हता. "अर्जदार येसूबाई कोम हरिश्चंद्र, राहणार गुहागर..." टाक कागदावर न टेकता थांबला. नावाच्या आधी त्याने जागा मोकळी सोडली होती. तो तिच्या कपाळाकडे पाहायचं टाळत होता. "बाई, नावामागे... काय लावू? अर्ज आजचा आहे. तुम्ही म्हणाल तसं लिहितो. सौभाग्यवती लिहिलं तरी चालेल."

"वयनी," सखाराम म्हणाला, "आज नको. घरी जाऊन, अवसेला..."

"अवस राहू द्या, भावजी. अवस त्यांची नाही. श्राद्ध कार्तिकातल्या वद्य नवमीला. तेव्हा तुम्हाला रजा मिळाली तर या, नाही मिळाली तर मी भटजींकडून करवून घेईन." मग ती कारकुनाकडे वळली. "कागदात खोटं नको. गंगाभागीरथी लिहा."

काशीरामने लिहिलं. शाईवर वाळू टाकून ती झटकली. मग त्याने कागद तिच्यापुढे फिरवला. तिने वाकून, एकेक अक्षर जुळवत, आपलं नाव लिहिलं.

"आठ दिवस लागतील नकलेला."

"लागू दे. मी परत येईन." ती उठली. "पाण्याला उतरायला पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत? आंघोळ करायची आहे."

काशीरामने खिडकीतून हात दाखवला. येसूबाईने पदरातले कालचे चणे सोडून सखारामाच्या हातात दिले, आणि पायरी उतरून खाडीकडे चालू लागली.