न्हाणीमागची हातभर जागा

दुपारी दोनला ती सरड्याची मादी भिंतीवर परत आली आणि मी किंचाळलेच. सकाळी टम्म फुगलेलं पोट पार खपाटीला गेलेलं, नाकावर ओली वाळू!

"ताशी, घातली! अंडी घातली तिनं!"

ताशी म्हणजे माझी आत्या. तिच्या केटा गावातल्या घराच्या भिंतीवर जे सरडे राहतात, त्यांच्यावर मी कॉलेजचा प्रबंध लिहीत होते. लेंड्या फोडून फोडून आहार समजला होता: मुंग्या, मुंग्या आणि वर थोडे किडे. नर-मादीही ओळखता येत होते. मादी मातकट, कुशीवर नारिंगी डाग. नर धिप्पाड, लालभडक डोक्याचा, दिवसभर जोर काढणारा.

"अगदी आमचे हे," ताशी म्हणायची. "काम काडीचं नाही, नुसती मान हलवायची."

राहिली होती अंडी. शुक्रवारी प्रबंध द्यायचा, नाहीतर वर्ष फुकट. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, मग अंडी जाणार कुठे? तरी महिनाभर अंगण पालथं घालून हाती भोपळा.

"शोधतेयस काय गं एवढं?" ताशीनं झाडू थांबवला.

"बीळ! वाळूत खणलेलं!"

"ती भोकं होय? न्हाणीमागे असतात की. रोज बुजवते मी, पायानं दाबून वर झाडू मारते. अंगणात खड्डे दिसले तर लोक काय म्हणतील?"

महिनाभर ही बाई माझं वर्ष तुडवत होती!

"आणि आजचं?"

"आत्ताच दाबलं."

न्हाणीमागे सांडपाण्यानं ओलावलेल्या वाळूवर झाडूच्या सुबक रेघा होत्या. मी चमच्यानं उकरू लागले. पहिलं अंडं चेपलेलं निघालं. ताशीनं तोंडावर हात ठेवला. दुसरं मात्र शाबूत! तिसरं, चौथं, पाचवं! मी ताशीला मिठी मारून नाचले. मग मापं घेतली आणि अंडी होती तशी पुरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे झाडूच्या आवाजानं दचकून उठले आणि धावत गेले. अंगण लख्ख होतं. फक्त न्हाणीमागे हातभर जागा, पाचोळ्यासकट तशीच. गल्लीतल्या सुना जिचं अंगण बघून झाडायला शिकतात, त्या ताशीच्या घरी!

शेजारची अफेफा भिंतीवरून डोकावली. "काय गं, झाडू झिजला वाटतं?"

"हळू बोल," ताशी म्हणाली. "पोरं निजलीत तिथं."