पेंटरच्या पोटातून गेलेले निरोप

मी एक जुना, दमलेला मज्जातंतू आहे. डॉक्टर मला व्हेगस म्हणतात. मित्रांनो, मेंदूच्या तळापासून निघून मान आणि छाती ओलांडत मी पोटापर्यंत पोहोचतो. माझा मालक दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. त्याच्या जन्माआधीच मी कामाला लागलो, सुट्टी कशी असते ते मला ठाऊक नाही.

जठराच्या आतल्या अस्तरात बारीक पेशी असतात. पोटात काही वाईट आले की त्या सेरोटोनिन नावाचे रसायन सोडतात. ते माझ्या टोकांना लागले की मी मेंदूला कळवतो. मग मळमळते, घास नकोसा होतो, आणि लोक वैतागतात. तरुणपणी शिळे खाऊन पेंटरला उलटी झाली, तेव्हा त्याची आई म्हणाली होती, "बाहेर पडलं ते बरं झालं, सुटलास!" माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

पेंटरला एक खोड होती. अक्षराची रेघ बारीक हवी असली की तो ब्रश ओठांत फिरवून टोक काढायचा. त्याच्या उस्तादानेच तसे शिकवले होते. रंगातले शिसे पोटात जायचे, पेशी बोंब मारायच्या, मी निरोप पोहोचवायचो. पेंटर ॲसिडिटीची गोळी चघळून पुन्हा शिडीवर चढायचा.

"अहो, कामाच्या दिवशी घास नको, आणि सुट्टीच्या दिवशी बरी तुम्हाला भूक लागते!" असे म्हणत शेवटी बायकोनेच त्याला दवाखान्यात नेले. रक्त तपासून डॉक्टरांनी बजावले, "अंगात शिसं साठतंय. ब्रश तोंडात घालणं आजपासून बंद."

पेंटरने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ब्रश पुन्हा ओठांत! मला खरेच वीट आला. गप्प बसावेसे वाटले, पण ते माझ्या हातात नाही.

पुढे कॉलेज संपवून त्याची मुलगी त्याच्याकडेच पाट्यांचे काम शिकू लागली. तिची पहिलीच पाटी तो कौतुकाने बघत होता. तिने पिवळ्या रंगात ब्रश बुडवला, ओठांत धरला आणि टोक काढले.

"थुंक! आधी थुंक ते!" पेंटर ओरडला.

"अहो बाबा, तुम्हीसुद्धा असंच करता की."

त्याच्या पोटात गोळा आला. या वेळी पेशींनी काही कळवले नव्हते. निरोप वरून, मेंदूकडून, खाली आला होता. त्याने तिला चूळ भरायला लावली, मग चिंधीवर ब्रश फिरवून टोक काढून दाखवले.

मित्रांनो, मला कौतुक नको. पोट कुरकुरले तर गोळी घेण्याआधी कारण तेवढे शोधा. मी आता फार थकलो आहे. पण त्या मुलीच्या पोटातही माझ्यासारखाच एक आहे, आणि तो अजून नवा आहे. त्याचे तरी कुणीतरी ऐका.