बाबांचा होकार

धाकटीला गाडी हवी होती, आणि बाबांनी होकार दिल्याशिवाय ती दारात येणार नव्हती. घरात हा नियम कुणी केला नव्हता, पण मोडायची छातीही कुणाची नव्हती. बाबांनी उभा जन्म गॅरेजात काढलेला. नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं सांगायचे. थोरल्या जावयांनी एकदा त्यांना न विचारता गाडी आणली आणि ती महिन्याभरात बसली. अजूनही जेवताना तो विषय निघाला की जावई ताटातून मान वर काढत नाहीत.

धाकटी पडदे शिवायची आणि घरोघरी जाऊन बसवून द्यायची. कापडाचे गठ्ठे, दांड्या, शिडी असं सगळं लटांबर दर वेळी भाड्याच्या गाडीत कोंबून ती मेटाकुटीला आली होती. जुनी चालेल, पण वाटेत दगा न देणारी हवी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आजची गाडी दातांच्या डॉक्टरांची होती आणि त्यांच्यासारखीच टापटीप. बाबांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं, म्हणजे विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेली नव्हती. मग गाडीभोवती सावकाश एक फेरी मारून ते मागच्या दाराशी थांबले.

"हे दार पुन्हा रंगवलंय."

"फाटकाला घासलं होतं, काका," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

बाबांनी पायपुसण्या उचलून खालचा पत्रा पाहिला, टायरची झीज पाहिली, ऑइलची पट्टी काढून बोटांवर थेंब चोळला. धाकटीला मोठी मौज वाटत होती. बाबा असे तल्लीन झालेले तिने कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

"हं, कर सुरू."

तिने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि पार आतून आवाज आला. ठक, ठक, ठक. बंद दारावर कुणीतरी टकटक करावी तसा. ती गॅरेजातच लहानाची मोठी झालेली. हे दुखणं साधं नाही, हे तिला लगेच कळलं.

खाली उतरून तिने बाबांकडे पाहिलं. मान तिरकी, डोळे मिटलेले, जुनी ऐट तीच.

"झकास," बाबा म्हणाले. "रेशमासारखं चालतंय."

आधी तिला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी डॉक्टरांना ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं, ठकठक दुप्पट झाली, आणि बाबांनी समाधानाने मान डोलावली. मग तिला घरातला मोठ्याने लावलेला टीव्ही आठवला. दाराशेजारी बसूनही त्यांना न ऐकू आलेली बेल आठवली. काहीही विचारलं तरी येणारं ते 'हो हो'. सगळे म्हणायचे, बाबांचं हल्ली लक्ष नसतं. तिचा बाप म्हातारा झाला होता आणि ते तिला आत्ता, एका परक्या अंगणात कळत होतं. तिला फार वाईट वाटलं.

आता ते 'घेऊन टाक' म्हणणार. मग नाही म्हणायचं तर चारचौघांत त्यांचा शब्द पडणार, आणि हो म्हणायचं तर भर रस्त्यात शिडी घेऊन तीच उभी राहणार.

तिच्या पिशवीत लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर होता. लहानपणी बाबांनीच दिलेला. आता ती त्याने पडद्यांच्या दांड्या बसवायची. कानाला तो लावून इंजिन ऐकणं म्हणजे शिकाऊंची काठी, असं बाबा हिणवायचे. त्यांनी स्वतः तो कधी लावला नव्हता.

"बाबा, हा कसा लावायचा ते परत दाखवा ना. विसरले मी."

ही निव्वळ थाप होती. बाबा मात्र खूश झाले.

"एवढी शिकवली आणि सगळं पाण्यात! इकडे बघ. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला, आणि मग..."

हाडातून ती ठकठक थेट आत पोचली असावी. त्यांनी टोक जरा खाली सरकवलं, पुन्हा मूठ टेकवली. बराच वेळ ते वाकून राहिले. मग त्यांनी वर पाहिलं, ते गाडीकडे नाही, तिच्याकडे. ती टायरकडे बघत राहिली.

"डॉक्टर, गाडी जपलीत चांगली," बाबा सरळ होत म्हणाले. "पण इंजिनाचं बेअरिंग गेलंय. दुरुस्त केल्याशिवाय लांब नेऊ नका. आम्हाला नको."

"अरेरे. मला वाटलं जुनी गाडी, एवढं वाजायचंच."

"एवढं वाजतं होय," बाबा हळूच म्हणाले.

दोघं चालत कोपऱ्यापर्यंत आले.

"तुला आधीच ऐकू आलं होतं."

"हो."

"त्या दातवाल्यालासुद्धा."

"हो, बाबा."

"आणि मी रेशीम म्हणालो!" ते हसले, पण हसू फार टिकलं नाही. "जावयांना सांगू नकोस."

"छे, कशाला सांगू."

चालता चालता बाबा थांबले आणि त्यातल्या त्यात बरा कान तिच्याकडे यावा म्हणून वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला आले.

"पुढची गाडी बघायला जाऊ, तेव्हा आधी तू ऐक. मग मला सांग." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "जरा मोठ्याने सांग."