हरकत नसल्यास

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी टाचणीने इंटरनेटवरच्या चर्चेच्या मंचावर लिहिलं, ‘उद्या ऑपरेशन आहे. उरलेल्या मुद्द्यांना परत आल्यावर उत्तर देईन.’ ऑपरेशन डोळ्याचं होतं. पण ती चर्चा एका प्रोग्रॅमच्या मेनूतल्या रंगांबद्दल चालली होती, त्यात स्वतःचा डोळा घुसवणं म्हणजे विषयांतर, आणि टाचणीच्या मते विषयांतराइतकं हलकं कृत्य मंचावर दुसरं नव्हतं. पुढचा सगळा घोळ ह्या शिस्तीतून झाला.

टाचणी हे त्याचं मंचावरचं नाव. एरवी तो लिफ्ट-तपासनीस होता. दिवसभर लोकांच्या इमारतींत जाऊन लिफ्टमधले दोष काढायचे, ह्याचा त्याला पगार मिळे. संध्याकाळी घरी येऊन तेच काम तो फुकट करी.

ते काम म्हणजे ‘सुईदोरा’. संगणकावर काढलेली नक्षी भरतकामाच्या मशीनला समजेल अशा टाक्यांत उतरवून देणारा हा प्रोग्रॅम. तो कुठल्या कंपनीचा नव्हता. एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं तो फावल्या वेळात बनवत, फुकट वाटत, आणि बनवायला लागे त्याच्या कितीतरी पट वेळ त्यावर भांडत. भांडायला मंच होता. मंचावर सगळे टोपणनावाने वावरत. सगळ्यांत वर जो होता त्याला कारभारी म्हणत. तो स्वभावाने इतका मवाळ, की ‘दोघांचंही बरोबर आहे’ हे वाक्य त्याने एखाद्या बटणाला जोडून ठेवलं असावं. टाचणीचा तिथला हाडवैरी म्हणजे घुबड. प्रोग्रॅमचा निम्मा भाग घुबडाने लिहिला होता, आणि त्या निम्म्या भागाला टाचणीची हरकत होती.

मंचाचा नियम साधा होता. कोणीही प्रस्ताव मांडावा. तीन दिवसांत हरकत आली नाही, तर तो संमत. मतदान नाही, हात वर करणं नाही, गप्प बसलं की झालं. मात्र टाचणी आल्यापासून एकही प्रस्ताव ह्या वाटेने संमत झाला नव्हता. मंचाचा वाढदिवस साजरा करावा, ह्या प्रस्तावालाही त्याने हरकत घेतली होती, कारण वाढदिवस पहिल्या आवृत्तीपासून धरायचा की प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीपासून, हे कोणी ठरवलं नव्हतं. ते अजून ठरलेलं नाही.

ह्या सगळ्यात त्याचा खरा जीव कुठे अडकला होता ते त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत गेलं की कळे. तिथे बायकोचं भरतकामाचं मशीन होतं. कोटांवर नावं, गणवेशांवर बिल्ले, टॉवेलांवर हॉटेलांची चिन्हं, असं काम ती करी. मशीन दणकट, पण म्हातारं. बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली, आणि त्या मशीनला एकच जुना फॉरमॅट वाचता येई. तो फॉरमॅट लिहून देणारा प्रोग्रॅम जगात एकच उरला होता, सुईदोरा. त्यात ह्या महिन्यात तिचा जुना संगणक चालू होण्याआधी बराच वेळ कण्हायला लागला होता. नवा आणला, तर त्यावर सुईदोऱ्याची चालू आवृत्ती उघडेना. येणारी आवृत्ती उघडणार होती. एका नर्सिंग कॉलेजचे सगळे कोट पुढच्या खोलीत गठ्ठ्याने पडले होते, आणि बायको येणाऱ्या आवृत्तीकडे डोळे लावून बसली होती.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी आठवडाभर पडद्याकडे बघायचं नाही म्हणून बजावलं. बायकोने लॅपटॉप आणि फोन दोन्ही दोऱ्यांच्या कपाटात ठेवून किल्ली गळ्यात घातली.

टाचणीने तो आठवडा कसा काढला ते घरच्या पंख्याला विचारावं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने तो पंख्याचं डुगडुगणं बघत बसे आणि मधूनच उठून भिंतीला हात लावून येरझाऱ्या घाली. डोळ्याच्या थेंबांबरोबर आलेल्या सूचनांच्या कागदात त्याने दोन चुका काढल्या आणि बायकोला त्या डॉक्टरांना कळवायला लावल्या. फोन वाजला की कपाटाकडे मान वळवी. मंचावर काय चाललं असेल, असं त्याने एकदा म्हटल्यावर ती म्हणाली की शांतता असेल.

तिचं अगदी बरोबर होतं.

तो ऑपरेशनला गेल्या-गेल्याच घुबडाने प्रस्ताव टाकला होता, की कोणी वापरत नाही असे जुने फॉरमॅट येत्या आवृत्तीतून काढून टाकावेत, सांभाळायला डोकेदुखी आहे. हाच प्रस्ताव तो दरवर्षी टाकी आणि दरवर्षी पहिल्या तासाभरात टाचणीची मुद्देवार हरकत येई. ह्या वेळी तास गेला. दिवस गेला. मुदत संपली, आणि मंच हादरला.

कारभाऱ्याने लिहिलं, ‘जुने फॉरमॅट काढायचा प्रस्ताव, आणि टाचणी गप्प. मित्रांनो, मला हे बरं लक्षण वाटत नाही.’ मग कोणीतरी तो शेवटचा संदेश शोधून काढला. उद्या ऑपरेशन आहे. परत आल्यावर उत्तर देईन. आणि माणूस परत आला नव्हता.

आठवड्याने पट्टी निघाली, कपाट उघडलं, आणि टाचणीने मंच उघडला तर सर्वांत वर काळ्या चौकटीत त्याचंच टोपणनाव. खाली श्रद्धांजलींची रीघ. एकाने लिहिलं होतं, ‘माझ्या पहिल्याच प्रश्नाला त्याने “आधी शोधून पाहावं” असं उत्तर दिलं. मी शोधलं. आज ह्याच क्षेत्रात पोट भरतो.’ दुसऱ्या एकीला आपल्या प्रत्येक वाक्यातला स्वल्पविराम आता पोरका वाटत होता. कारभाऱ्याने जाहीर केलं होतं की टाचणीच्या स्मरणार्थ जुने फॉरमॅट तसेच राहतील, घुबडाने प्रस्ताव मागे घेतला आहे, आणि येणारी आवृत्ती टाचणीला अर्पण.

टाचणी हे सगळं दोनदा वाचून हळवा झाला. इतक्या वर्षांत मंचावर त्याच्याबद्दल कोणी चांगलं लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर त्याने पुरावा मागितला असता. मग तो घुबडाच्या श्रद्धांजलीपाशी आला.

‘शेवटच्या टाक्यावरून आमचं किती वाजायचं, ते सगळ्यांना माहीत आहे. नक्षी संपली की मशीनने दोन टाके मागे जाऊन दोरा पक्का करावा, असं मी म्हणायचो. जागच्या जागी गाठ मारावी, असं तो म्हणायचा, आणि त्याने तेच करायला लावलं. आज सांगायला हरकत नाही. जाण्याआधी त्याने मला खासगीत लिहिलं, की बरोबर तूच होतास. हे मान्य करायला मोठं मन लागतं.’

खाली पसंतीच्या लाल बदामांचा खच पडला होता.

‘मी मेलोय,’ टाचणीने पुढच्या खोलीच्या दारात येऊन सांगितलं.

बायको रिंगमध्ये कापड ताणून बसवत होती. थेंब घातलेत का, असं तिने विचारलं. मग त्याने सगळी हकिगत सांगितली. ती कापड ताणता-ताणता ऐकत होती, आणि फॉरमॅट राहणार म्हटल्यावर तिचा हात थांबला.

‘म्हणजे तुम्ही गेलात म्हणून माझं मशीन चालणार.’

‘तसंच काहीसं.’

‘ती आवृत्ती निघतेय कधी?’

‘ह्याच आठवड्यात.’

‘मग तोवर राहा तसेच.’

टाचणी दारातून हलला नाही. ‘अगं, पण मी मान्य केलेलंच नाही. घुबड धडधडीत खोटं लिहितोय.’

‘लिहू दे की. तुम्ही मेलात असंही त्यांनी लिहिलंय, त्याचं तुम्हाला काही वाटत नाही.’

‘तो गैरसमज आहे,’ टाचणी म्हणाला. ‘हे खोटं आहे.’

बायकोने एकदा त्याच्याकडे आणि एकदा कोटांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. जिवंत व्हायचं तर आवृत्ती निघाल्यावर व्हा, एवढंच म्हणून ती कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी तो कामावर रुजू झाला. एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये दोष सापडेना, म्हणून ती वर-खाली करत राहिला, दर मजल्यावर दार उघडलं की फोन बघे. बदाम वाढत होते. एकाने तर घुबडाची बाजू पटल्याचं लिहून टाचणीच्या ‘मनाच्या मोठेपणाला’ सलाम केला होता. सातव्या मजल्यावर टाचणीला घाम फुटला. लिफ्टमनने पाणी दिलं आणि लिफ्ट बंद करायची का, असं घाबरत विचारलं.

संध्याकाळी त्याला मार्ग सापडला. मेलेल्याने बोलायचं नाही, हे ठीक. पण मेलेल्याला नातेवाईक असतात. त्याने नवं खातं उघडलं आणि त्याला नाव दिलं ‘टाचणीचा मेव्हणा’. एक साधं, दुःखी पत्र लिहायचं त्याने ठरवलं होतं. लिहिलं ते असं:

‘दिवंगत माझे जवळचे आप्त होते. घुबड ह्यांच्या वरील विधानास हरकत आहे. मुद्दा पहिला: असा खासगी संदेश अस्तित्वात नाही, असल्यास तो जसाच्या तसा द्यावा. मुद्दा दुसरा: दिवंगतांनी जागच्या जागी गाठ हाच योग्य मार्ग असल्याचे शेवटच्या श्वासापर्यंत सांगितले. मुद्दा तिसरा: वरच्या एका श्रद्धांजलीत स्वल्पविराम चुकीच्या जागी आहे.’

पाठवलं आणि त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने बायकोला कोटांच्या घड्या घालायला मदत केली.

परत येऊन बघतो तर कारभाऱ्याने एकच ओळ लिहिली होती, ‘वाटलं त्यापेक्षा लवकर आलास.’ आणि त्याखाली घुबड.

‘खासगी संदेश वगैरे काही नव्हता. मीच रचला. खरोखर गेला असेल तर त्याचं काही बिघडत नाही, आणि जिवंत असेल तर एवढं वाक्य त्याला पचणार नाही, हे मला ठाऊक होतं. दोन दिवस टिकला, त्याबद्दल अभिनंदन. आता जुने फॉरमॅट. मेलेल्या माणसासाठी ठेवले होते. जिवंत माणसाला मंचाचा नेहमीचा न्याय. प्रस्ताव असा, की जुने फॉरमॅट राहावेत आणि ते टाचणीने सांभाळावेत. त्यांतला प्रत्येक बिघाड त्याने दुरुस्त करावा, प्रत्येक तक्रारीला त्याने उत्तर द्यावं. हरकत आली, तर फॉरमॅट आजच निघतील. हरकत नसल्यास तीन दिवसांनी संमत.’

टाचणीने प्रोग्रॅमची एक ओळ आजवर लिहिली नव्हती. लिहिता येत असूनही लिहिली नव्हती, कारण लिहिलेल्याला लोक हरकत घेतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार. त्याने बसल्या बैठकीला ह्या प्रस्तावात बऱ्याच उणिवा शोधल्या. मुदत किती वर्षांची ते लिहिलं नव्हतं. ‘बिघाड’ कशाला म्हणायचं ते लिहिलं नव्हतं. ‘आजच’ म्हणजे कोणाच्या देशातला आज, तेही नाही. मुद्दे त्याने भराभर लिहून काढले, वाचले, आणि ते इतके बिनतोड होते की त्याला भरून आलं.

बायको मागे येऊन उभी होती. ‘हे धाडलंत तर काय होईल?’

‘फॉरमॅट जाईल.’

‘आणि नाही धाडलंत तर?’

‘तर मला जन्मभर लोकांच्या शिव्या खायला लागतील.’

ह्या वेळी तिने कपाट उघडलं नाही की किल्ली काढली नाही. लॅपटॉप होता तिथेच, उघडाच राहू दिला. नर्सिंग कॉलेजच्या बाई उद्या पुन्हा फोन करणार आहेत, त्यांना काय सांगायचं तेवढं ठरवा, असं म्हणून ती आत निघून गेली. किल्ली लावली असती तर टाचणीला रागावता तरी आलं असतं.

ते तीन दिवस त्याला ऑपरेशनच्या आठवड्यापेक्षा जड गेले. जेवताना उठून बघे, आंघोळीला जाताना बघे. नळ पूर्ण बंद आहे की नाही हे तपासायला दोन-दोनदा मोरीत जाई. कामावर त्याने एका नव्याकोऱ्या लिफ्टला आरशावरून शेरा मारला. मंचावर कोणी चकार शब्द काढत नव्हतं. सगळे श्वास रोखून बघत असावेत. मधूनच तो लिहिलेले मुद्दे उघडी, एखादं क्रियापद सुधारी आणि मिटी. मुदत संपायच्या संध्याकाळी त्याचं बोट ‘पाठवा’वर जाऊन बसलं. तेवढ्यात पुढच्या खोलीत मशीन सुरू झालं. जुन्या संगणकाने कण्हत-कण्हत शेवटचं एक नाव त्यात उतरवलं असावं. मशीन ठकठक करत एक अक्षर भरायला लागलं, मग दुसरं. टाचणी मनातल्या मनात पुढचं अक्षर ओळखत बसला. नाव पुरं होईपर्यंत वेळ टळून गेली होती.

कारभाऱ्याने लिहिलं, ‘हरकत नाही. संमत.’ टाचणी आल्यापासून ह्या मंचावर हे शब्द कोणी वाचले नव्हते.

आवृत्ती निघाली. अर्पणपत्रिका काढून टाकली होती आणि त्या जागी ‘जुने फॉरमॅट: टाचणी’ एवढंच होतं. ती नव्या संगणकावर पहिल्या झटक्यात उघडली. बायकोने पहिला कोट लावला, मग दुसरा, आणि रात्रीच्या जेवणाला तिने त्याला न मागता जास्तीचं वाढलं.

दोनच दिवसांनी त्याच्या नावे पहिली तक्रार आली. कोणी अनोळखी शिंपी होता. जुन्या मशीनवर नक्षीच्या शेवटी जागच्या जागी गाठ बसते तेव्हा दोरा तुटतो, असं त्याचं म्हणणं होतं. दोन टाके मागे गेलं तर कदाचित तुटणार नाही, असंही त्याने भीत-भीत सुचवलं होतं.

टाचणीने ‘सदर विधानास’ इतकं लिहिलं. मग ते खोडलं. उठून पुढच्या खोलीत गेला, मशीनजवळ वाकून एका कोटावर शेवटचा टाका पडताना बघितला, मग दुसऱ्यावर, आणि परत येऊन बसला. बऱ्याच वेळाने त्याने उत्तर लिहिलं.

‘तपासतो.’

मग घुबडाचा खासगी संदेश आला. हा मात्र खरा होता.

‘तब्येत बरी आहे ना?’